दालचिनी वर्ज्य

माझी पत्रे टपालात पडण्यापूर्वी माझी पत्नी ती मोठ्याने वाचून दाखवत असे. हा नियम तिनेच घातला होता. साताऱ्याला न्यायालयात लिपिक म्हणून माझी सगळी नोकरी झाली, आणि इतरांचे अर्ज, कैफियती, हरकती हाताळता हाताळता आपणही अर्ज करावेत ही खोड मला तेथेच लागली. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला, विश्रामबागेत राहायला आलो. गल्लीतला बंद दिवा, पाण्याची बदललेली वेळ, बँकेत वृद्धांना बसायला नसलेली खुर्ची, यांपैकी कोणत्याही गोष्टीवर मी गप्प बसलो नाही. गप्प बसणे हा मला अन्यायाला दिलेला मूक रुकार वाटे, आणि आजही वाटतो.

पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सकाळचा चहा झाला की ती माझा मसुदा हातात घेई, खुर्ची उजेडाकडे वळवी आणि वर्गाला धडा वाचून दाखवावा तशी वाचू लागे. मध्येच थांबून म्हणे, "इथलं 'निर्लज्ज' काढा. खालच्या ओळीत 'बेजबाबदार' आहे, तेवढं त्यांना पुरे." मी काढत असे. माझ्या डोक्यात जे वाक्य तलवारीसारखे चमकत असे, ते तिच्या तोंडून ऐकले की कित्येकदा नुसताच आरडाओरडा वाटे. कोणते विशेषण पुराव्यावर उभे आहे आणि कोणते केवळ माझ्या रक्तदाबावर, हे मला तिच्या आवाजात कळत असे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा खालचा ओठ सुजला. गांधीलमाशी चावावी तसा. पण दुखत नव्हता, खाजत नव्हता. दोन दिवसांत उतरला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला. असे होत होत प्रत्येक खेपेला सुजेचा थोडा अंश मागे राहू लागला, आणि वर्ष संपता संपता ओठ कायमचा जाड झाला. मधोमध एक चीर पडली, ती तिखट लागले की झोंबे. गालांच्या आतली बाजू गोधडीसारखी उंचसखल झाली आहे, असे ती जीभ फिरवून सांगे. चहा ती चमच्याने पिऊ लागली.

आणि वाचन थांबले. प, फ, ब, भ, म ही अक्षरे उच्चारायला दोन्ही ओठ नीट मिटावे लागतात, हे मला तोवर कधी ध्यानात आले नव्हते. पिण्याच्या पाण्याविषयीच्या एका अर्जाच्या पहिल्या ओळीतच ती तीनदा अडखळली. कागद तिने घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आजपासून तुमचं तुम्ही वाचा." चाळीस वर्षे मुलांना स्वच्छ उच्चार शिकवलेल्या बाईचे ते वाक्य होते. त्यानंतरच्या माझ्या पत्रांविषयी मी फारसे सांगत नाही. पाणीपुरवठ्याचा एक कर्मचारी मात्र घरी येऊन, हात जोडून, "साहेब, मी नेमकं काय केलंय?" असे विचारून गेला.

सूज येण्याच्या आदल्या आठवड्यात तिने दाढेवर टोपी बसवून घेतली होती. मला एवढे कारण पुरेसे झाले. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना आहे त्या दंतवैद्यांना मी नोंदणीकृत टपालाने नोटीस धाडली. चार दिवसांनी ते नोटीस हातात घेऊनच दारात उभे. बोलावले होते पत्नीने.

"काका, टोपी काढून देतो हवं तर," ते म्हणाले, "पण टोपीनं ओठ असा वर्षभर सुजत नसतो."

"मग कशाने सुजतो?"

"ते मला कळत नाही. कळत नाही म्हणूनच दुसरीकडं दाखवा म्हणतोय."

पत्नीने त्यांना चहा दिला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नोटीस मागे घेतली असं लिहून द्या त्यांना. त्यांच्या बायकोला रात्री झोप नाही." मी तेथेच बसून लिहून दिले.

मधल्या काळात ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, लेप झाले. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी जिन्यात तिला थांबवून, हल्ली नट्या ओठ फुगवून घेतात तसे काही केलेत का, असे विचारले. पत्नी म्हणाली, "हो. पेन्शनीत एकच बसला." हे तिने घरी येऊन मला सांगितले तेव्हा मी त्या बाईंना पत्र लिहायला बसलो, तर तिने टोपण लावून पेन माझ्या खिशात ठेवले. पण त्या दिवसानंतर ती बाहेर जाताना पदर तोंडापाशी धरू लागली.

शेवटी आम्ही सांगलीतल्या एका दंत रुग्णालयात मुखरोगाच्या डॉक्टर बाईंकडे पोहोचलो. वयाने आमच्या मुलीइतक्या. त्यांनी ओठाच्या आतून मसुराएवढा तुकडा काढून तपासायला धाडला. क्षयरोग नाही ना, म्हणून छातीचा फोटो काढला. आतड्याचा एक विकार कधी कधी असा ओठावर दिसतो, म्हणून त्याचीही तपासणी झाली. सगळे निर्दोष निघाले. मग त्यांनी आजाराचे नाव सांगितले. ओरोफेशियल ग्रॅन्युलोमॅटोसिस. मी ते वहीत लिहून घेतले आणि बरोबर आहे की नाही, ते त्यांच्याकडून तपासून घेतले.

"दुर्मिळ आहे," त्या म्हणाल्या. "ओठाच्या आत सूज धरणाऱ्या बारीक गाठी होतात. कर्करोग नाही, संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. पण लवकर जातही नाही."

"कारण?"

"नक्की माहीत नाही."

कारणमीमांसा नसलेला निकाल मी आयुष्यात कधी मान्य केला नव्हता. तसे मी बोललोही. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. "काका, खोटं कारण देऊ का?" एवढेच म्हणाल्या. पत्नी पदराआड हसली. हसताना चीर ताणली गेली असावी, कारण लगेच तिने डोळे मिटले.

उपचार त्यांनी स्पष्ट सांगितले. रोज लावायचे मलम. मधून मधून ओठातच एक इंजेक्शन. आणि तीन महिन्यांचे कडक पथ्य: काही रुग्णांत दालचिनी आणि बाटलीबंद पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ती द्रव्ये ही सूज भडकवतात. म्हणून दालचिनी बंद. तमालपत्र तिच्याच कुळातले, तेही बंद. लवंग, जायफळ नको. विकतची लोणची, सॉस, सरबते, चॉकलेट नाही. टूथपेस्टसुद्धा बिनस्वादाची. "याने उतरलं तर उत्तम. नाही उतरलं, तर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. यांना मधुमेह आहे, म्हणून मी ते शेवटावर ठेवलंय. साखर चढेल."

साखर या शब्दावर पत्नीने माझा हात धरला. तिच्या आईची दृष्टी साखरेने गेली होती. म्हातारी शेवटची सहा वर्षे माणसे पावलांच्या आवाजावरून ओळखत असे. पत्नीने पंधरा वर्षे स्वतःची साखर हिशेबाने सांभाळली होती ती याच भीतीने. रिक्षात ती म्हणाली, "ओठ असाच राहिला तरी चालेल हो मला. पण गोळ्या नकोत. मला शेवटपर्यंत दिसायला पाहिजे."

घरी आल्यावर मी पथ्याची अंमलबजावणी हातात घेतली. स्वयंपाकघराचा रीतसर पंचनामा केला. प्रत्येक डबा, प्रत्येक बाटली बाहेर काढून वेष्टनावरचा मजकूर भिंगाखाली वाचला. वेष्टनावर 'मान्यताप्राप्त स्वाद' असे लिहिणे आणि तो स्वाद कशाचा हे न लिहिणे, ही लबाडी आहे. याबद्दल मी तीन कंपन्यांना लिहिले. एकीकडून उत्तर आले की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ते उत्तर वाचून मला दिवसभर जेवण गेले नाही. तिने काय खाल्ले, ओठ कसा होता, याची रोजची नोंद मी एका वहीत ठेवू लागलो. आणि वर्षाच्या मसाल्याची बरणी, ज्यात दालचिनी होतीच, ती मोलकरणीला देऊन टाकली.

मसाल्याविषयी येथे सांगणे आवश्यक आहे. आमच्या घरी वर्षाचा मसाला वडूजहून, माझ्या धाकट्या बहिणीकडून येतो. दर उन्हाळ्यात ती मिरच्या वाळवते, कांदा-खोबरे भाजते, गरम मसाला तळते आणि डंकावर, म्हणजे मसाला कांडून देणाऱ्या यंत्रावर, स्वतः उभी राहून कांडून घेते. वडील गेल्यावर तिने कोरडवाहू जमिनीतला आपला हिस्सा माझ्या नावे सोडला. आमच्याकडे बहिणींनी सही करायची रीतच आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा माझाच होता, आणि तो कायद्याने निर्दोष होता. नोंदणी कचेरीत तिने तो वाचला नाही. "दादानं लिवलंय म्हंजे बराबरच असणार," म्हणाली आणि मी बोट ठेवले तेथे सही केली. त्या वर्षापासून मसाल्याचा डबा येऊ लागला. मी कधी मागितला नव्हता.

पथ्य सुरू झाले ते होळीच्या सुमारास. बहिणीला मी फोनवर बजावले: या खेपेला दालचिनी आणि तमालपत्र अजिबात नको. ती "बरं, बरं" म्हणाली.

पहिला दीड महिना घरात मसाला नव्हताच. मीठ, हळद, मिरचीपूड, कोथिंबीर. एक इंजेक्शन झाले, मलम चालू होते. ओठ उतरू लागला. चीर भरली. एके दिवशी ती बशीतून चहा प्यायली, आणि मी वहीत त्या नोंदीखाली रेघ मारली. मग अक्षय तृतीयेच्या आसपास डबा आला. आमटीला रंग आला, घराला वास आला. आणि ज्येष्ठ संपायच्या आत ओठ पुन्हा होता तसा जाड झाला.

तारखांची ही संगती मला दिसायला हवी होती. माझ्याच हस्ताक्षरात ती वहीत उतरली होती. पण मी संशयित म्हणून कोणाला पाहत होतो? बिस्किटाला, टूथपेस्टला, पाणीपुरवठ्याला.

तिसऱ्या भेटीत डॉक्टर बाईंनी ओठ दाबून पाहिला आणि हातमोजे काढले. "पथ्यानं काम होत नाहीये," त्या म्हणाल्या. "गोळ्यांचा विचार करावा लागेल." पत्नीने मान खाली घातली. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पथ्यात तसूभर कसूर झालेली नाही, असा युक्तिवाद केला. त्या शांतपणे पाने उलटत गेल्या.

"हा मसाला घरचा?"

"घरचा. दालचिनी वर्ज्य."

"कुणी केला?"

"माझ्या बहिणीने."

"त्यांना विचारलंत, घातली होती का?"

"डॉक्टर, ती माझी बहीण आहे."

"म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या. "कंपनी निदान वेष्टनावर काहीतरी छापते." मग त्यांनी गोळ्या लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला. "दोन महिने देते. मसाला बदलून बघा. नंतर मात्र मी थांबणार नाही."

घरी पोहोचल्यावर पत्नीने चप्पल काढली, स्वयंपाकघरात गेली, डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढे धरले. "घ्या वास."

मी घेतला. मला मसाल्याचा वास आला. त्याहून अधिक काही ओळखण्याइतका मी त्या खोलीत कधी वावरलो नव्हतो.

"थोडी आहे," ती म्हणाली. "पण आहे."

"तुला कधी कळले?"

"डबा उघडला त्या दिवशी."

माझा आवाज चढला असावा. तिने झाकण लावले, डबा कट्ट्यावर ठेवला. "मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. उन्हातान्हात उभी राहून तिनं कांडलेला. आणि सांगितलं असतं तर तुम्ही तिला पत्र लिहिलं असतं."

त्या दुपारी मी खरोखरच लिहिले. तिचे म्हणणे ऐकूनही लिहिले, हे मान्य करतो. राग आला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो, आणि या खेपेचा राग भीतीतून आला होता. दीड पानाचा मसुदा झाला. विषय: वैद्यकीय सूचनांचे हेतुपुरस्सर उल्लंघन झाल्याबाबत. चार वाजता मी तो पत्नीसमोर ठेवला आणि म्हणालो, वाच. वर्षाहून अधिक काळ तिने काही वाचले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, चष्मा लावला, खुर्ची उजेडाकडे वळवली.

तिने पूर्ण वाचला. हळू वाचला. "आपणांस स्पष्ट कल्पना देऊनही आपण" या शब्दांशी तिचा ओठ दोनदा अडकला, तिने हाताच्या पाठीने तो पुसला आणि पुढे गेली. "परिणामी माझ्या पत्नीच्या प्रकृतीस जो अपाय झाला, त्याची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील." प सुटत नव्हता, भ नुसता वारा होत होता. ज्या ओठासाठी मी हे लिहिले, त्याच ओठाने ती ते माझ्या बहिणीविरुद्ध उच्चारत होती. मला ते ऐकवेना.

कागद खाली ठेवून ती म्हणाली, "हिला तुम्ही 'आपण' कधीपासून म्हणायला लागलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने निघालो. तासगाव, विटा, मायणी करत वडूजला पोहोचायला दुपार झाली. डबा पत्नीच्या मांडीवर होता. आगाऊ कळवले नव्हते.

बहीण ओसरीत शेंगा फोडत बसली होती. आम्हाला पाहून उठली आणि तिचा चेहरा उतरला. "आगं बया, दोघं बी? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," पत्नी म्हणाली. "पाणी द्या आधी."

पाणी प्यायलो. डबा मध्ये होता. मी घसा खाकरला, तेवढ्यात पत्नीनेच विचारले, "वन्सं, या मसाल्यात दालचिनी घातलीय का हो थोडी?"

बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. "दोन कांड्या," ती म्हणाली. "दोनच. तमालपत्तर न्हाई घातलं, दादाची आन. पर वहिनी, दालचिनीबिगर मसाला म्हंजी नुसता भुस्सा. आन डागदर काय, समदंच बंद करत्यात. आमच्या ह्यांना मीठ बंद केलं, भात बंद केला, बिडी तेवढी चालू ऱ्हायली. मला वाटलं, तुमी आदीच वाळलाय, त्यात अळणी खाऊन काय ऱ्हाईल अंगात."

"तुला मी स्पष्ट सांगितले होते," मी म्हणालो.

"सांगितलं व्हतंस. फोनवर. वरडून."

"ओरडून नाही, बजावून."

"तुझं दोन्ही सारखंच लागतंय, दादा."

पत्नीने तोंडावरचा पदर काढला. ती नुसती बहिणीकडे तोंड करून बसली. बहीण जवळ सरकली. तिने वहिनीच्या हनुवटीखाली बोटे धरली आणि अंगणाच्या उजेडाकडे तोंड वळवले. "हे आसं हाय व्हय," ती म्हणाली. "फोटूत तुमी कायम पदर धरून. मला कोण दावतंय." पत्नीने तिला गोळ्यांचे सांगितले, साखरेचे सांगितले, आईच्या डोळ्यांचे सांगितले. बहिणीने डबा उचलून आपल्या पाठीमागे ठेवला.

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटले, चूक झाली असे म्हणेल. तसे काही ती म्हणाली नाही.

"तू समद्या जगाला पत्रं लिवतुस, दादा. कलेक्टरला, लायटीवाल्याला. मला एक ओळ लिवली आसतीस, की बाई, तुज्या वहिनीचं आसं आसं झालंय, तिचं डोळं जातील. मी दालचिनीचं नाव घेतलं आसतं व्हय? फोनवर तुझं नुसतं 'अजिबात नको, अजिबात नको'. का नको, ते कुटं सांगितलंस?"

मी खिशातल्या पेनाचे टोपण चाचपले.

"उभ्या जन्मात तुझं एकच पत्र आलंय मला," ती म्हणाली. "कचेरीत सही कराया ये म्हणून. पोस्टमन आला तवा मला केवडा आनंद झाला व्हता."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. आरोप असता तर मला त्याला उत्तर देता आले असते. तीस वर्षांपूर्वीचे ते कार्ड मला आठवले: दिनांक, वेळ, सोबत दोन छायाचित्रे आणावीत. खाली 'तुझा दादा' असेही लिहिले होते की नाही, ते आठवेना. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

संध्याकाळी परत जाणारी गाडी तिने आम्हाला चुकवायला लावली. "आज ऱ्हावा. उद्या मसाला करून संगं घिऊन जावा." दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मिरच्यांची देठे खुडत बसल्या आणि मला खोबरे किसायला लावले. मी किसलेले खोबरे पाहून बहीण पत्नीला म्हणाली, "कोर्टात ह्यो काय करत व्हता वं?" पत्नी म्हणाली, "तारखा देत होते."

डंकावर जे घडले ते मी विसरणार नाही. यंत्रापुढे पाच-सहा बायकांची रांग होती. आमची पाळी आली तशी बहिणीने यंत्रवाल्याला थांबवले.

"आदी हे धनं कांड," ती म्हणाली आणि पिशवीतून दोन किलो धने काढले. "मंग आमचा मसाला."

"मावशी, धनं तर मसाल्यातच असत्यात की. येगळं कशाला?"

"तुज्या उखळाच्या बुडाला मागल्या बाईची दालचिनी आसंल. ती धन्यात उतरू दे. ते धनं मी नेते, आमी खातो. आन आदी ह्या फडक्यानं पूस."

"कुणाचं तरी लय कडक पथ्य दिसतंय."

"पूस म्हटलं की पुसावं रं. वाद घालाया आमच्यात एक हाय, तेवडा बास."

रांगेतल्या बायका हसल्या. मी भिंगाने वेष्टने वाचणारा माणूस. उखळाच्या बुडाशी मागच्या गिऱ्हाइकाचा मसाला असतो, हे माझ्या कोणत्याही वहीत नव्हते. तिला ते कोणी शिकवले नव्हते. कारण समजले, एवढेच तिला पुरले होते.

परत आल्यावर मी बहिणीला पत्र लिहिले. माझ्या हातून झालेले ते सर्वांत अवघड लेखन. विषय लिहायचा नव्हता, संदर्भ नव्हता, प्रत माहितीसाठी कोणाला धाडायची नव्हती. पहिल्या दिवशी 'प्रिय' या शब्दापुढे मी गेलो नाही. चौथ्या दिवशी सहा ओळी झाल्या. वहिनीचा ओठ कसा आहे, मसाला कसा झाला आहे, तुझ्या अंगणातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का. आणि शेवटी, त्या वेळी कचेरीत सही करण्यापूर्वी तो कागद तुला वाचून दाखवणे माझे कर्तव्य होते, ते मी केले नाही. ती ओळ मी तीनदा खोडली आणि तीनदा लिहिली. जमिनीचे काय करायचे ते आम्ही दिवाळीत समोरासमोर बसून बोलणार आहोत. ते पत्रात लिहिले नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. "दादा, पत्र पोचलं. समदं वाचलं मी, चष्मा लावून." थोडी थांबली. "सही कुटं करायची, त्ये लिवलंच न्हाईस." आणि इतकी हसली की फोन पत्नीने माझ्या हातून घेतला, आणि मग त्या दोघी तासभर माझ्याविषयी बोलत राहिल्या.

नवा मसाला लागू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात ओठाची कड मऊ पडू लागली. मध्यंतरी एक इंजेक्शन झाले. त्याच्या कळीने तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण साखर फारशी हलली नाही. दोन महिन्यांनी आम्ही डॉक्टर बाईंपुढे बसलो. पत्नी एकही शब्द बोलत नव्हती. त्यांनी ओठ दाबला, गालाच्या आत बोट फिरवले, आधीचे फोटो काढून शेजारी ठेवले.

"निम्म्याहून जास्त उतरलंय," त्या म्हणाल्या. "सध्या गोळ्या नकोत."

"सध्या म्हणजे?"

"सध्या म्हणजे सध्या, काका. हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. दर तीन महिन्यांनी दाखवायचं."

"दालचिनीनेच हे झाले, असे आता सिद्ध झाले का?"

"नाही. इंजेक्शननं उतरलं असेल, मलमानं उतरलं असेल, पथ्यानं उतरलं असेल. तिन्ही चालू ठेवा."

पुरावा निर्णायक नाही, असा त्याचा अर्थ. एरवी मी आणखी दोन प्रश्न विचारले असते. पत्नीने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मी फाईल बंद केली.

बाहेर पडताच तिने रिक्षा थांबवली, स्वतःच भाडे ठरवले आणि बसल्याबरोबर बोलायला लागली. पदर खांद्यावर होता. डॉक्टर बाईंच्या हातातल्या बांगड्या, शाळेतली एक जुनी मैत्रीण, परवा भाजीवाल्याने दिलेले जून दोडके, वडूजला थंडीत एकदा जायला हवे, आणि माझ्या परवाच्या बँकेच्या अर्जात तिसऱ्या परिच्छेदातले 'निंद्य' कसे अनावश्यक आहे. प आणि भ अजून थोडे जड येत होते. समोरून वारा होता, रिक्षा आवाज करत होती, निम्मे शब्द मला नीट पोचतही नव्हते. विश्रामबागेपर्यंत ती बोलत राहिली आणि मी एकदाही हरकत घेतली नाही.